खर्रा, सुपारी आणि बायोप्सीचा रिपोर्ट: गालाच्या आत नेमकं काय झालंय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण खरा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून टाकलाय. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचा भाऊ 26 वर्षांचा, गाव घाटंजीकडचं. दहावीत असल्यापासून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, खातो. गेल्या वर्षभरात तोंड कमी उघडायला लागलं, आता दोन बोटं कशीबशी जातात. तिखट लागलं की आग होते, तोंड सारखं सुकतं. यवतमाळला दाखवलं, गालातला तुकडा काढला, आठ दिवसांनी रिपोर्ट आला. त्यातले शब्द तुम्ही उतरवून दिलेत: आवरण अट्रॉफिक, रीट पेग नाहीसे, कोलॅजन हायलिनाइज्ड, लाळग्रंथींचा ऱ्हास, डिस्प्लेशिया नाही. तुम्ही विचारताय, हा कॅन्सर आहे का, तुकडा काढल्यानं आजार पसरेल का, आणि जबड्याचा एक्स-रे चांगला असताना तोंड उघडत का नाही. आणि शेवटी लिहिलंत, "तंबाखू सोडलीय, आता नुसती सुपारी खातो."

मला काळजी वाटली ती या ओळीची. तिच्याकडे येते, पण त्याआधी गालाची आतली बांधणी समजून घ्या. ती कळली की रिपोर्टमधला एकेक शब्द आपोआप उलगडतो, आणि भावाशी काय बोलायचं तेही कळतं.

तोंडातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. 22 वर्षं झाली. विदर्भातून येणाऱ्या तुकड्यांत खर्रा खाणाऱ्यांचे गाल इतके असतात की आमच्याकडे शिकायला येणारी मुलं निरोगी गालाच्या आधी हा बिघडलेला गाल ओळखायला शिकतात. याचं मला वाईट वाटतं.

आधी एक सरळ उत्तर. तुम्ही उतरवलेले शब्द बरोबर असतील तर हा कॅन्सर नाही. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मी तुमच्या भावाचं तोंड पाहिलेलं नाही आणि स्लाइडही पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या शब्दांच्या आधारावर समजा.

आता गाल. जीभ गालाच्या आतून फिरवून बघा. मऊ, ओला, ताणला की ताणणारा. हिरडी आणि टाळूचा पुढचा भाग मात्र टणक लागतो. हा फरक मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतो. हिरडी आणि टाळू यांना चावण्याचा मार सोसायचा असतो, म्हणून तिथल्या आवरणावर केराटिनचा कडक थर असतो. गालाला ताणायचं असतं, म्हणून तिथलं आवरण जाड असूनही बिनकेराटिनचं. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीत पेशींच्या थरांवर थर. सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात, चपट्या होतात आणि शेवटी लाळेबरोबर गळून जातात. गालाचं आवरण दोन ते साडेतीन आठवड्यांत पूर्ण नवं होतं. म्हणूनच गरम चहानं भाजलेलं तोंड इतक्या लवकर बरं होतं.

या आवरणाखाली एक मऊ जाळी असते, तिला लॅमिना प्रोप्रिया म्हणतात. कोलॅजनचे धागे, त्यात बारीक रक्तवाहिन्या, नसांची टोकं. आवरणाची खालची कड सपाट नसते. तिचे फाळ जाळीत खाली उतरतात आणि जाळीचे उंचवटे त्या फाळांमध्ये वर चढतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा, तसं. या खाली उतरणाऱ्या फाळांना रीट पेग म्हणतात. या गुंतण्यामुळे आवरण घट्ट बसतं आणि उंचवट्यांमधल्या रक्तवाहिन्यांतून त्याला पोषण मिळतं. त्याखाली चरबी, लाळेच्या छोट्या ग्रंथी, आणि मग गालाचा स्नायू.

लाळग्रंथींवर थोडं थांबते, कारण भावाचं तोंड कोरडं का पडतं ते इथेच आहे. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढे पॅरोटिड, तिची नळी गालात वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. जबड्याखाली सबमँडिब्युलर आणि जिभेखाली सबलिंग्वल. याशिवाय गाल, ओठ, टाळूचा मागचा भाग आणि जीभ इथे 600 ते 1000 छोट्या ग्रंथी विखुरलेल्या असतात. दिवसभरात अर्धा ते दीड लीटर लाळ तयार होते. त्यातलं बहुतेक पाणी मोठ्या ग्रंथी देतात, पण तोंडाला जो बुळबुळीत, घसरता ओलावा लागतो त्यात या छोट्या ग्रंथींचा वाटा फार मोठा. त्या अगदी आवरणाखालीच बसलेल्या असतात. आजार तिथेच होतो, म्हणून पहिला दाब त्यांच्यावर येतो.

मायक्रोस्कोपखाली लाळग्रंथी बघणं मला आजही फार आवडतं. द्राक्षाच्या घडासारखे गोल पुंजके, मध्ये बारीक पोकळी. ज्या पुंजक्यांतून पातळ, एन्झाइमवाली लाळ येते त्यांच्या पेशी त्रिकोणी, जांभळट, आत दाणेच दाणे, केंद्रक गोल. ज्यांतून चिकट लाळ येते त्या पेशी फिक्या, जवळजवळ पांढऱ्या दिसतात आणि केंद्रक तळाला चेपून सपाट झालेलं. काही चिकट पुंजक्यांच्या कडेला जांभळट पेशींची चंद्रकोर टोपीसारखी बसलेली असते. पुंजक्याला बाहेरून आकुंचन पावणाऱ्या पेशी टोपलीसारख्या धरून असतात. त्या आवळल्या की लाळ नळीत उतरते.

हे झालं निरोगी गालाचं. आता तुमच्या भावाचा गाल.

काही वर्षांपूर्वी वणीकडचे एक काका आले होते, सगळं आयुष्य जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेलेलं. त्यांच्या मुलाच्या गालाचा तुकडा माझ्याकडे होता. आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप आहे. त्यांना आधी एक निरोगी गाल दाखवला. गुलाबी धागे, मोकळे, लहरत गेलेले, मध्ये जागा. मग मुलाची स्लाइड लावली. त्यात धागे वेगळे दिसतच नव्हते. एकसंध गुलाबी पट्टा, काचेसारखा गुळगुळीत, मध्ये एखादी चेपलेली रक्तवाहिनी. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पयली रुई होती, मॅडम. याची तं गाठ बांधली जी."

त्यानंतर मी हा आजार कुणालाही याच शब्दांत सांगते. पिंजलेली रुई हातात धरून ताणली तर ताणते. तीच प्रेसमध्ये दाबून गाठ बांधली की ताणत नाही. रुई तीच, वजन तेच, पण लवचीकपणा गेला. रिपोर्टमधल्या 'हायलिनाइज्ड कोलॅजन'चा अर्थ हाच.

म्हणजे जबड्याचं हाड आणि सांधा चांगला, त्यामुळे एक्स-रे चांगला. बिघाड हाडात नाहीच. गालात उभे पट्टे, ओठांभोवती गोल पट्टा, आणि मागे दाढांच्या पलीकडे जिथे वरचा आणि खालचा जबडा जोडणारा पडदा असतो तिथेही पट्टा. तोंड उघडताना हे पट्टे ताणले जायला हवेत, ते ताणत नाहीत. भावाला शिट्टी वाजवायला किंवा फुगा फुगवायला सांगा. बऱ्याच जणांना ते आधी जड जातं, तोंड कमी उघडतंय हे त्यानंतर लक्षात येतं. गाल पांढुरका, संगमरवरासारखा दिसतो तोही याच कारणानं. गुलाबी रंग रक्तवाहिन्यांचा असतो, आणि त्या आता चेपल्यात.

'आवरण अट्रॉफिक, रीट पेग नाहीसे' म्हणजे वरचं आवरण पातळ पडलं आणि खाली उतरलेले फाळ सपाट झाले. खालून पोषण कमी, मग आवरण झिजणारच. नसांची टोकं आणि मिरची यांच्यामध्ये जे जाड पांघरूण होतं ते विरळ झालं. घरच्यांना वाटतं पोरगा जेवणाचे नखरे करतो, वरण-भातच मागतो, ठेच्याला हात लावत नाही. नखरे नाहीत ते. त्याला खरोखर भाजल्यासारखं होतं.

आणि लाळग्रंथी. गाठ बांधली जाते तेव्हा तिच्यात अडकलेल्या छोट्या ग्रंथीही आवळल्या जातात. पुंजके आकसतात, नळ्या अरुंद होतात, कधी नुसत्या नळ्याच उरतात. मोठ्या ग्रंथी शाबूत असतात म्हणून जेवताना लाळ येते, पण एरवी तोंड कोरडं आणि खरखरीत राहतं.

आता सुपारी.

खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, पन्नीवर घोटून घोटून एकजीव केलेला. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर समोरच घोटून मिळतो. लोकांच्या डोक्यात एकच पक्कं आहे, वाईट ती तंबाखू. म्हणून हुशार पोरं तंबाखू काढून टाकतात आणि सुपारी चालू ठेवतात. माझ्यासमोर बसून किती जणांनी सांगितलंय, "तमाकू तं कवाचीच सोडली, नुसती सुपारी खातो, तरी तोंड काहून आखडते?"

कारण हा आजार सुपारीचाच आहे. सुपारीतलं अरेकोलिन कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतं. चुन्यानं त्याचं रूप बदलतं आणि तेही त्याच दिशेनं काम करतं. सुपारीतले टॅनिन, ज्यांच्यामुळे ती तुरट लागते, कोलॅजनला असं पक्कं करतात की शरीरातले जुनं कोलॅजन तोडणारे एन्झाइम त्याच्यावर चालत नाहीत. शिवाय सुपारीत तांबं बरंच असतं. कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं, आणि ते इथे आयतं मिळतं. म्हणजे नवी रुई जास्त येते, जुनी निघत नाही, आणि आहे ती आवळून बांधली जाते. यात तंबाखूचा हात लागत नाही. तंबाखू कॅन्सरचा धोका वाढवते हे खरंच, त्यामुळे ती सोडली ते फार चांगलं केलं. पण तोंड आखडण्याचं कारण अजून त्याच्या गालातच आहे. सुपारी स्वतंत्रपणेही कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्ये तिला पहिल्या गटात टाकलंय. पहिला गट म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या गोष्टी.

अजून एक फसवणूक सुपारी करते, आणि ही भावाला नक्की समजावून सांगा. अरेकोलिन लाळग्रंथींना चाळवतं. सुपारी तोंडात टाकली की मोठ्या ग्रंथींतून लाळ सुटते, तोंड ओलं होतं, बरं वाटतं. थुंकली की पुन्हा कोरडं. मग तो पुन्हा टाकतो. "सुपारी असली तं तोंड ओलं राहते," असं पेशंट मला शपथेवर सांगतात, आणि तेवढ्यापुरतं ते खरंही असतं. पण ज्या छोट्या ग्रंथींनी एरवी तोंड ओलं ठेवायचं त्यांना ही सुपारीच आवळत असते. कोरडेपणावर सुपारी हा उपाय वाटतो तोवर ती सुटत नाही. त्याऐवजी बाटली जवळ ठेवून घोट घोट पाणी, साखर नसलेली चघळायची गोळी, जेवताना ताक. आणि सुपारीचीही सवय जडते हे मान्य करून त्याच्याशी बोला. रागवून सुटलेली सवय मी फार कमी पाहिलीय. सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखूची सवय सोडायला मदत करणारी फोनसेवा, आहे, 1800-11-2356, तिथे बोलता येतं.

तुकडा काढल्यानं आजार पसरतो का? नाही. तुकडा काढल्यामुळे कॅन्सर होत नाही. गावात असं का वाटतं तेही मला माहीत आहे. लोक इतक्या उशिरा येतात की तुकडा काढेपर्यंत कॅन्सर पुढे गेलेला असतो, मग दोष तुकड्यावर येतो. हेही सांगते की या आजारात प्रत्येकाचा तुकडा काढावाच लागतो असं नाही. पट्टे हाताला लागतात, गाल पांढरा दिसतो, निदान बघूनच होतं. लाल किंवा जाड पांढरा डाग असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, गाठ लागत असेल, तर काढावाच. तुमच्या डॉक्टरांना काही तरी शंकेचं दिसलं असेल. काय दिसलं, ते विचारा. तो तुमचा हक्क आहे.

तुकड्याबद्दल एक गोष्ट मनात राहून गेलीय. एका मे महिन्यात एका दवाखान्यातून बाटली आली, एसटीनं, दीड दिवसाचा प्रवास करून. आत गालाचा तुकडा, पण फॉर्मालिनऐवजी सलाईनमध्ये. फॉर्मालिन पेशींना आहे त्या अवस्थेत थांबवतं. सलाईनमध्ये त्या कुजतात, आणि आपल्याकडचा मे तर तुम्हाला माहीतच आहे. स्लाइडवर केंद्रकं पुसल्यासारखी, थर विरघळलेले. डिस्प्लेशिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड, आहे की नाही हे सांगणं अशक्य होतं. ती बाई शेतमजूर होती. दुसऱ्यांदा तुकडा द्यायला यावं लागलं, दोन दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून सांगते, तुकडा काढला की विचारा, बाटलीत फॉर्मालिन आहे ना? विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

'डिस्प्लेशिया नाही' हा रिपोर्टमधला सगळ्यात चांगला शब्द आहे. डिस्प्लेशिया म्हणजे आवरणातल्या पेशींची शिस्त मोडणं. केंद्रकं मोठी आणि गडद होतात, पेशींचं विभाजन खालच्या थरातच व्हायला हवं ते वरही दिसायला लागतं, तळाची रांग विस्कटते. हे कॅन्सरच्या आधीचं पाऊल. भावाच्या तुकड्यात ते नाही. पण तो तुकडा जेमतेम ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढा असतो, आणि त्यातून मी ज्या चकत्या बघते त्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहून पातळ. रिपोर्ट त्या जागेबद्दल, त्या दिवसाबद्दल बोलतो. अख्ख्या तोंडाबद्दल आणि पुढच्या वर्षांबद्दल नाही. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या 66 रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या 7.6 टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही, पण ज्यांना झाला त्यांचा आकडा दुर्लक्ष करण्याएवढा लहानही नाही. मी माझ्या पेशंटना दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला बोलावते.

उपचारांचं बरंच काही तोंड किती उघडतं आणि सुपारी सुटली का यावर अवलंबून आहे. आग लवकर कमी होते, सुपारी सोडली की काही आठवड्यांत फरक पडतो, कारण वरचं आवरण स्वतःला नवं करत राहतं. बांधलेली गाठ मात्र सुटून पुन्हा रुई होत नाही. डॉक्टर गालात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं देतात, लायकोपीनसारख्या गोळ्या देतात, तोंड उघडायचे व्यायाम शिकवतात. खूपच कमी उघडत असेल तर पट्टे कापून तिथे गालातली चरबी किंवा कातडी बसवायची शस्त्रक्रिया करतात. पण व्यायाम कुणालाच चुकत नाही, शस्त्रक्रियेनंतर तर महिनोन्‌महिने, नाहीतर पुन्हा आखडतं. आणि सुपारी चालू असेल तर यातलं काहीच टिकत नाही. हिमोग्लोबिनही तपासून घ्या, रक्त कमी असेल तर आवरण भरून यायला वेळ लागतो. वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ही सगळी सोय एका जागी मिळेल. जाताना रिपोर्टबरोबर स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही मागून न्या, म्हणजे पुन्हा तुकडा काढायची वेळ येणार नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की हे सगळं वाचून तुम्ही आरशात स्वतःचा गाल पाहिला आणि त्यात बारीक पिवळसर दाणे दिसले, रात्रभर झोप आली नाही. ते बहुधा फोर्डाइस दाणे आहेत. कातडीत असतात त्याच तेलग्रंथी, गालात येऊन बसलेल्या. मोठ्या माणसांत ते सर्रास दिसतात. दुखत नसतील, वाढत नसतील तर काहीच करायचं नाही. भावाला घेऊन जाल तेव्हा स्वतःचंही दाखवून घ्या, म्हणजे मन शांत होईल.

तोवर घरी एक करा. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. भावाच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीनं मोजा, तोंड पूर्ण उघडायला लावून, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन ठेवा. जेवढ्या बसतील तेवढ्या दातांमध्ये एकावर एक ठेवायच्या, थोडं ताणेल इतकंच, दुखेल इतकं नाही, दिवसातून चार-पाच वेळा. दर रविवारी पुन्हा मोजा. पहिल्या महिन्यात आकडा हलला नाही तरी चालेल. कमी होऊ लागला तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा, आणि काड्यांचा फोटो नको, त्या आठवड्यांचे आकडे इथे लिहा, मी बघेन.